झाडे मधोमध की कडेला?

गावातला रस्ता रुंद झाला की त्याच्या मधोमध दुभाजक बांधतात, त्यात माती भरून कण्हेर नाहीतर बोगनवेल लावतात, आणि ‘रस्ता किती छान झाला!’ असे आपण म्हणतो. फुले डोळ्यांना सुखावतात हे खरेच. पण रस्ता ही नुसती पाहण्याची वस्तू नव्हे. तो वापरायचा असतो. म्हणून थोडे गणित करू या.

समजा, एका रस्त्याची एकूण रुंदी २० मीटर आहे. वाहनांसाठी ३.५ मीटरच्या चार मार्गिका ठेवल्या की १४ मीटर संपले. उरले ६. दुभाजक नसेल तर दोन्ही कडांना ३-३ मीटरचा पदपथ मिळेल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनाप्रमाणे चालण्यासाठी निदान १.८ मीटर मोकळी जागा हवी. ती सोडून उरलेल्या १.२ मीटरमध्ये झाडांची एक रांग बसते. आता मध्ये २ मीटरचा दुभाजक घाला. पदपथ २-२ मीटरचे झाले, झाडांची जागा गेली! मे महिन्याच्या भर दुपारी आपल्याकडे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे सावली झाडाच्या बुंध्याशीच पडते. मधल्या झाडाची सावली मोटारींना मिळते. दप्तर घेऊन चालणारा मात्र उन्हात.

मग दुभाजक निरुपयोगी का? मुळीच नाही. माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो. १४ मीटर ओलांडायला त्याला जवळजवळ १२ सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार सुमारे १३० मीटर पुढे येते! मध्ये थांबायला जागा असेल तर एका वेळी ७ मीटर, म्हणजे ६ सेकंदच पुरतात, आणि एका वेळी एकाच दिशेला पाहावे लागते. आजी-आजोबांसाठी हा फरक जीवनमरणाचा आहे. शहराबाहेरच्या महामार्गावर तर दुभाजक हवाच. तो समोरासमोरच्या टकरी टाळतो आणि त्यावरची झुडपे समोरच्या दिव्यांचा झोत अडवतात. मात्र हीच झुडपे गावात, ओलांडण्याच्या जागी वाढली, तर त्यांच्याआड उभे असलेले लहान मूल चालकाला दिसत नाही.

माझे मत असे : गावातल्या अशा रस्त्यावर झाडे कडेला असावीत आणि थांबण्याची जागा मध्ये, तीही जिथे लोक रस्ता ओलांडतात तिथेच. त्यासाठी जागा कुठून आणायची? त्या ठिकाणी मार्गिका ३-३ मीटरच्या करा. चारांचे १२ मीटर झाले. उरलेल्या २ मीटरमध्ये थांबण्याचा ओटा होतो. सुमारे अडीच मीटर रुंदीची बस ३ मीटरमधून सहज जाते, आणि मार्गिका अरुंद दिसली की चालक वेगही कमी करतो. पदपथ आणि सावली दोन्ही शाबूत राहतात.

पुण्यात २०१७ च्या सुमारास जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद केले गेले आणि जुनी झाडे त्यांत सामावून घेतली गेली. असे करता येते, ते असे.

शिक्षकांना बरोबर घेऊन शाळेसमोरचा रस्ता मोजा. पदपथ किती, दुभाजक किती, ओलांडायला किती सेकंद लागतात हे वहीत लिहा. आकडे जमले की ते नगरपालिकेला कळवा. रस्ता सुंदर आहे की नाही, हे त्यावरून चालणाऱ्याने ठरवायचे असते.