शाडू, प्लॅस्टर आणि आमचे जोहे

मागील वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला 'हंगामी बेकारी' हा विषय चालू होता. सरांनी विचारले, "तुमच्यापैकी कोणाच्या गावात वर्षातले काही महिने लोकांच्या हाताला काम नसते?" निम्म्याहून अधिक हात वर झाले. मी हात वर केला नाही. माझ्या गावी ऐन पावसाळ्यात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवे जळत असतात. मी पेण तालुक्यातील जोहे गावचा, आणि आमच्या घरी गणपतीचा कारखाना आहे.

'कारखाना' म्हटल्यावर शहरातील मित्रांच्या डोळ्यांपुढे धुराडे उभे राहते. आमचा कारखाना म्हणजे बांबू, पत्रा आणि प्लॅस्टिकचा कागद यांची एक लांबलचक शेड. जोहे, हमरापूर, कळवे, तांबडशेत या पट्ट्यात फिरल्यास घराला लागून शेड की शेडला लागून घर, हे सांगणे अवघड जाते. मूर्ती घडविण्याची परंपरा मूळची पेण शहरातील. आमच्या गावची मुले तेथे मजुरीने कामाला जात, हात बसला की गावी परतून पडवीतच धंदा मांडत. आज हमरापूर-जोह्याहून बिनरंगाच्या, म्हणजे कच्च्या मूर्ती महाराष्ट्रभर जातात. तेथील चित्रकार त्या रंगवितात आणि आपल्या नावाने विकतात. परदेशी जाणाऱ्या मूर्तींना बोटीचा प्रवास करावयाचा असल्याने त्या उन्हाळ्यापूर्वीच पेट्यांत बंद होतात.

हा धंदा येथेच का रुजला? माझ्या मते याचे उत्तर आमच्या जमिनीत आहे. हा खारेपाटाचा मुलूख. भाताचे एक पीक, तेही बाहेरकाठा शाबूत राहिला तर. उधाणाने बाहेरकाठा फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि ती जमीन काही वर्षे रुसून बसते. मिठागरांचा आधारही उरला नाही. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही, यावर मतदान घेण्यात आले. तेव्हा मी लहान होतो. पण घरातील बोलणी ऐकून माझे असे मत झाले आहे की, जमिनीला हात लावू नका असे ठणकावून सांगण्याचे बळ आमच्या बाजूच्या लोकांना काही अंशी या शेडमधून मिळाले. दुसरी मिळकत असलेला माणूस सौद्याला घाई करीत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. गावात आणि वर्तमानपत्रांत सध्या एकच वाद ऐकू येतो, तो म्हणजे शाडू की प्लॅस्टर ऑफ पॅरिस? शहरातील सुशिक्षित मंडळी आम्हांला पाण्याचे शत्रू समजतात आणि आमची मंडळी त्यांना पोटावर पाय देणारी समजतात. दोन्ही बाजू मातीबद्दल बोलतात. मला वाटते भांडण मातीचे नाही, वेळेचे आणि जोखमीचे आहे.

जिप्सम भाजले की त्यातील बरेचसे पाणी निघून जाते आणि प्लॅस्टर तयार होते. पाणी मिळताच ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते. हे जिप्सम एक लिटर पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम विरघळते. म्हणूनच विसर्जनानंतर किनाऱ्यावर आपल्या देवाचे हात-पाय पडलेले दिसतात. ते दृश्य आम्हांलाही आवडत नाही. खाडीकाठची माणसे आम्ही, जाळ्यात काय अडकते ते आम्हांला कोणी शिकवावयास नको. पण याच गुणामुळे रबरी साच्यात प्लॅस्टर ओतले, काथ्या दिला, की थोड्याच वेळात मूर्ती हाती येते. ती हलकी असते आणि ट्रकमध्ये टिकते. शाडूची माती गुजरातहून यावयाची, ती मळावयाची, साच्यात हाताने थापावयाची, सावलीत कित्येक दिवस सुकवावयाची. ऊन लागले तर तडा, दमट हवा असली तर बुरशी. एका शाडूच्या मूर्तीला जेवढी जागा आणि जेवढे दिवस लागतात, तेवढ्यात प्लॅस्टरच्या किती निघतात हे ज्याने शेड भाड्याने घेतली आहे त्याला विचारावे. वर्गात ज्याला आपण 'भांडवलाची उलाढाल' म्हणतो, ती आमच्याकडे अशी फळीवर सुकत पडलेली असते.

आणि हे भांडवल कोणाचे? बहुतांशी कर्जाचे. दिवाळीनंतर कर्ज काढावयाचे, भाद्रपदात फेडावयाचे. मधले नऊ-दहा महिने सगळी जोखीम कारखानदाराच्या डोक्यावर. यात नियम बदलला तर काय होते, ते २०२५ साली आम्ही अनुभवले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मे २०२० मध्ये प्लॅस्टरच्या मूर्तींना मनाई केली. तिची अंमलबजावणी लगेच वर्षभर पुढे ढकलली गेली. पुढे काय होणार ते कोणी स्पष्ट सांगेना, म्हणून ओतकाम चालू राहिले. ३० जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अंमलबजावणी काटेकोर करण्याचे आदेश दिले. तोवर आमची निम्मी शेड भरली होती! शहरातील एका व्यापाऱ्याने फोनवरच मागणी रद्द केली आणि दिलेला बयाणा परत मागितला. ९ जून रोजी मूर्ती बनविण्यास व विकण्यास परवानगी मिळाली. पुढे त्या उत्सवापुरता तोडगा निघाला, की सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावात आणि त्याहून उंच मूर्ती नैसर्गिक पाण्यात. तोच व्यापारी पुन्हा आला, पण भाव पाडून. २७ ऑगस्टला चतुर्थी. आम्ही नाही म्हणणार कसे? न्यायालयाला किंवा पर्यावरणवाद्यांना मी दोष देत नाही. पण त्या चार-सव्वाचार महिन्यांची किंमत ना ग्राहकाने मोजली, ना व्यापाऱ्याने. २०२० साली सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची आणि घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा घातली गेली, तेव्हाही मोठे साचे आणि मोठ्या मूर्ती आमच्याच माळ्यावर पडून राहिल्या होत्या.

आमचे दोष झाकावे असे मला वाटत नाही. एकाने नवा नमुना काढला की महिन्याभरात शेजाऱ्याकडे त्याचा साचा तयार असतो, आणि मग भाव उतरविण्याची शर्यत लागते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रबरी साच्याने गावाला रोजगार दिला, पण हातातली कला नेली. माझे आजोबा मातीचा गोळा हातात घेऊन सोंड वळवीत. वडील साचा उत्तम भरतात, पण सोंड वळवावयास सांगितल्यास हसतात. मला तर दोन्ही येत नाही! मी सफेती मारतो आणि पॉलिश पेपर घासतो. कला उरली आहे ती मुख्यतः आखणीत, म्हणजे डोळे रेखण्यात. आमच्याकडे ते काम माझी काकू करते. ती आखणीस बसली की घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. तरीही कारखान्याच्या पाटीवर नाव काकांचेच आहे. 'उद्योजक' या शब्दाची व्याख्या लिहिताना मला दरवेळी ती पाटी आठवते.

तेव्हा 'शाडूकडे वळा' म्हणणे सोपे आहे. पण वळावयाचे म्हणजे एका पिढीने विसरलेले काम पुन्हा शिकावयाचे, आणि शिकण्याच्या काळातील तडे कोणाच्या तरी पदरी पडावयाचे. गोव्यात प्लॅस्टरच्या मूर्तींना बंदी आहे, पण तेथील सरकार मातीच्या मूर्तीमागे मूर्तिकाराला अर्थसाहाय्यही देते. मुंबई महापालिकेने आपल्या हद्दीतील मूर्तिकारांना शाडू माती आणि मंडपाला जागा विनामूल्य दिली. हे स्तुत्य आहे. पण जोहे कोणत्याही महापालिकेत नाही. मुंबईच्या घरोघरी बसणारे कितीतरी गणपती आमच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत जन्मतात, आणि आमच्या ग्रामपंचायतीकडे गुजरातहून मातीचे ट्रक मागविण्याइतका पैसा नाही.

माझे मागणे फार नाही. नियम बदलावयाचा असेल तर तो दिवाळीपूर्वी जाहीर करावा, म्हणजे ओतकाम सुरू होण्याआधी माणसाला विचार करता येईल. बँकांनी आमच्या कर्जाचे हप्ते महिन्याचे न ठेवता भाद्रपदाशी जोडावेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लॅस्टरची मूर्ती विरघळविण्याची रीत शोधली आहे, आणि त्यातून खतास उपयोगी अमोनियम सल्फेट मिळते. शेडमध्ये आज पडून असलेल्या मालासाठी ती रीत गावोगाव न्यावी. आणि ग्राहकाने आपला वाटा उचलावा. शाडूची मूर्ती हवी म्हणावयाचे आणि भाव प्लॅस्टरचा द्यावयाचा, हे पर्यावरणप्रेम मला समजत नाही.

यंदा वडिलांनी माळ्यावरून आजोबांच्या वेळचे साचे खाली काढले आहेत. पहिल्या वीस शाडूच्या मूर्तींपैकी सात मूर्तींना पोटापाशी तडे गेले. वडील म्हणाले, माती घाईने मळली. प्राध्यापकवर्गापैकी आणि मित्रांपैकी ज्यांना घरी शाडूचा गणपती आणावयाचा असेल, त्यांनी तो श्रावणात मागू नये. होळीपूर्वी सांगावे आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यावी. हमरापूर स्टेशनावर उतरून कोणालाही विचारा, रस्ता सांगतील.