आज किती वेळा जाऊन आलीस?

कॅन्सर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? डोक्याला बांधलेला स्कार्फ, सलाइनची बाटली आणि खिडकीबाहेर बघत बसलेलं कुणीतरी. सिनेमाने आपल्याला एवढंच दाखवलंय. १९७१ च्या ‘आनंद’मध्ये राजेश खन्नाला कोणता कॅन्सर असतो, आठवतंय? लिम्फोसार्कोमा ऑफ द इंटेस्टाइन. म्हणजे चक्क आतड्याचा! मी तो सिनेमा तीनदा पाहिलाय, तिन्ही वेळा रडलेय. पण आनंदचं पोट बिघडल्याचा एकही प्रसंग मला आठवत नाही.

खऱ्या घरात मात्र कॅन्सरचा बराचसा हिशेब बाथरूमच्या दाराआड चालतो. केस गेल्याचं आपण बोलतो, उलट्यांचंही बोलतो. जुलाब म्हटलं की सगळे गप्प. ‘पोट जरा नरम आहे’ यापुढे गाडी जात नाही. माझं म्हणणं असं, की हा नुसता लाजेचा प्रश्न नाही. ही लाज पेशंटच्या जिवावर बेतू शकते.

गेल्या वर्षी माझ्या आत्याची केमो चालू होती. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, घर बदलापूरला, हॉस्पिटल मुंबईत. तीन आठवड्यांतून एकदा तिथे सलाइनमधून औषध, आणि मग चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ घरी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. दुसऱ्या सायकलनंतर ती दिवसाला आठ-दहा वेळा जात होती. फोनवर उत्तर ठरलेलं, “थोडं पोट बिघडलंय गं, होईल ठीक.” हे ‘थोडं’ चार दिवस चाललं, आणि त्या चारही दिवसांत तिने गोळ्या इमानेइतबारे घेतल्या. पाचव्या दिवशी ती उठताना कोसळली. अ‍ॅडमिट केलं तेव्हा पोटॅशियम पार खाली गेलेलं. नंतर म्हणाली, “सांगितलं असतं तर केमो पुढे ढकलली असती. आणि तो डॉक्टर केवढासा मुलगा, त्याच्यापुढे संडासाचं काय बोलायचं?”

यात कुठेही मूर्खपणा नाही. गर्दीच्या ओपीडीत “काही त्रास?” असं कुणी मान वर न करता विचारलं, तर आपल्यातला कुणीही “नाही” असंच म्हणेल.

हे होतं कशामुळे? केमोची बरीचशी औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतातच, पण आतड्याचं अस्तरही दर काही दिवसांनी नवं होत असतं. तेही सापडतं. अस्तर सोललं की पाणी शोषलं जात नाही, सगळं वाहून जातं. फाइव्ह-एफयू, कॅपेसिटाबिन, इरिनोटेकान ही औषधं यासाठी प्रसिद्ध आहेत. ओटीपोटावर रेडिएशन घेणाऱ्यांनाही हे चुकत नाही.

डॉक्टरांकडे जुलाबांची चक्क मोजपट्टी असते. एरवी तुम्ही दिवसातून जितक्या वेळा जाता, त्यापेक्षा किती जास्त? चारपेक्षा कमी, तर पहिली पायरी. चार ते सहा, दुसरी. सात किंवा त्याहून जास्त झालं की तिसरी, आणि तिथे हॉस्पिटलचा विचार करावा लागतो. आत्याचं ‘थोडं’ थेट तिसऱ्या पायरीवर होतं. या मोजपट्टीत ‘थोडं’ नावाचा कप्पाच नाही.

आणि केमो पुढे ढकलण्याची भीती? डोस कमी करणं, चार दिवस थांबणं हा उपचाराचाच भाग आहे. काही जणांच्या शरीरात फाइव्ह-एफयू आणि कॅपेसिटाबिन मोडणारं एन्झाइम कमी असतं. त्यांना पहिल्याच सायकलमध्ये भयंकर जुलाब होतात. तो इशारा दडपून पुढची गोळी गिळणं जिवावर बेतू शकतं. त्यामुळे ‘सहन करते बिचारी’ हे कौतुक आपण बंद करायला हवं.

सल्ले देणाऱ्यांवर तर वेगळा लेख होईल. कुणी जायफळ उगाळून द्या म्हणतं, कुणी डाळिंबाची साल, कुणी ताकदीसाठी हळद-दूध. सोललेल्या आतड्याला काही काळ दूध पचत नाही, त्याने जुलाब वाढूही शकतात. पेज, मऊ भात, केळं, ओआरएस ही साधी मंडळी बरी. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला असल्याचं लिहिलंय ना, तेवढं बघा. जुलाब थांबवायची गोळी मेडिकलमध्ये लगेच मिळते, पण जुलाबाचं कारण इन्फेक्शन असेल तर ती महागात पडू शकते, म्हणून आधी हॉस्पिटलला फोन. १००.४ च्या वर ताप असेल किंवा रक्त दिसलं, तर फोनवरही वेळ घालवू नका, सरळ निघा.

डिस्चार्जनंतर माझ्या आतेभावाने कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, पेन्सिलने रेघा मारायला सुरुवात केली. आधी आत्या चिडली. मग स्वतःच मारायला लागली. पुढच्या तपासणीला त्या पानाचा फोटो मोबाइलवर दाखवला, आणि डॉक्टरांनी मान वर करून नीट बघितलं. डोस कमी झाला. घरात मोबाइल उघडून बसणारे आपणच असतो. “बरी आहेस ना?” यापेक्षा “आज किती वेळा जाऊन आलीस?” हे आपण विचारू शकतो. पहिल्यांदा जीभ अडखळते. दुसऱ्यांदा नाही.

पण सगळं घरावर ढकलून कसं चालेल? मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरचे पेशंटही प्रवास करतात. म्हणजे केमो घेणारी माणसं रोज या गाड्यांतून येतात-जातात, हे रेल्वेला पक्कं माहीत आहे. लोकलमध्ये टॉयलेट नाही, ते समजू शकतं. पण हा डबा फलाटावर जिथे थांबतो, त्याच्या जवळ एक स्वच्छ, पाणी असलेलं, कुलूप न लावलेलं टॉयलेट? कमोड असलेलं, कारण सुकून गेलेल्या माणसाला उकिडवं बसवत नाही. मुंबईत बायकांनी ‘राइट टू पी’ म्हणत किती वर्षं भांडण चालवलंय. त्या मागणीत या पेशंटांचाही आवाज मिसळायला हवा. बदलापूरहून दादरला यायला तासाहून जास्त लागतो. उरलेल्या प्रत्येक सायकलला आत्या आदल्या संध्याकाळपासून उपाशी राहायची, डायपर लावायची आणि मध्ये कुठे उतरायची वेळ आलीच तर म्हणून दाराजवळ उभी राहायची. बसायला जागा असली तरी.