खिशातली पाटी

शाळेत जाणाऱ्या मुलाने घरून कोणकोणती साधने आणावीत, हा प्रश्न आजचा नाही. आमच्या लहानपणी त्याचे उत्तर फार सोपे होते. पाटी, पेन्सिल आणि पाटी पुसायला एक ओले फडके. पाटी ज्याची त्याने घरून आणायची. कुणाची दगडी असे, कुणाची पत्र्याची. एखाद्याच्या पाटीच्या चौकटीत तारेवर रंगीत मणी ओवलेले असत आणि तेवढ्यावरून तो वर्गातला श्रीमंत गणला जाई. पण मण्यांच्या पाटीवर वजाबाकी आपोआप बरोबर येत नसे. मणीवाला असो की बिनमण्याचा, पाटी दोघांचीही काळीच, आणि मुलाच्या डोक्यात जे असेल तेच तिच्यावर उमटे.

आता विद्यार्थ्याच्या खिशात निराळीच पाटी आली आहे. तीही काळी, तीही हातात मावणारी. पण बोट लावताच उजळते आणि आपण एक अक्षर लिहिण्याआधीच तिच्यावर साऱ्या जगाने लिहून ठेवलेले असते. ही पाटी वर्गात येऊ द्यावी की दारातच ठेवून घ्यावी, यावर प्राध्यापकांच्या खोलीपासून न्यायालयापर्यंत वाद चालू आहेत. वाचकहो, तुमच्यापैकी निम्म्या घरांत तो जेवणाच्या टेबलाभोवतीही चालत असणार. तेव्हा दिवाळी अंकात चकली-चिवड्याच्या जोडीला या सदरात तोच विषय वाढते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला मराठी शिकवते. म्हणजे ज्या वयाबद्दल हा सगळा वाद, त्या वयाची ऐंशी-शंभर मुले रोज समोर असतात. आमच्या सहकाऱ्यांत दोन पक्ष आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे, की फोन ही वर्गातली उघडी खिडकी. मास्तर शिकवतो आहे आणि बाहेरून वरात चालली आहे, मग मूल कुणीकडे पाहणार? दुसरा पक्ष म्हणतो, अहो, ज्या ग्रंथालयासाठी आपण आयुष्यभर मैल मैल चाललो, ते पोराच्या खिशात आयते आले आहे आणि तुम्ही त्याला म्हणता, ते बंद करून ठेव!

गंमत अशी, की आपले पाठ्यपुस्तकही दुसऱ्या पक्षात जाऊन बसले आहे. बालभारतीच्या पुस्तकांत काळ्यापांढऱ्या चौकोनांचा 'क्यूआर कोड' छापलेला असतो. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या 'दीक्षा' या व्यवस्थेशी तो जोडलेला आहे. फोनचा कॅमेरा त्याच्यावर धरला की त्या पाठाचे जादा साहित्य समोर येते. आता विचार करा. पुस्तक म्हणते, 'फोन काढ'. दारावरची पाटी म्हणते, 'फोन बंद ठेव'. आणि मधल्यामध्ये विद्यार्थी उभा. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तर आपण सगळ्यांनी मिळून मुलांच्या हातात फोन दिला आणि 'हीच तुझी शाळा' असे सांगितले. शाळा उघडल्यावर त्याच फोनला आपण गुन्हेगार ठरवले. मुलांना आपल्या बोलण्याचा अर्थ लागेना, तर त्यांचा काय दोष?

पण म्हणून बंदीवाल्यांना हसण्यावारी नेऊ नये. त्यांच्या बाजूने जगात बरीच माणसे उभी आहेत. फ्रान्सने २०१८ साली कायदा करून शाळेत फोन वापरण्यास मनाई केली. ब्राझीलने २०२५ च्या जानेवारीत तसाच कायदा केला. इंग्लंडमधल्या शाळांचा एक अभ्यास लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने २०१५ साली प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले, की फोनबंदीनंतर परीक्षेतले गुण सुधारले; पण सुधारले ते मुख्यत्वे मागे पडणाऱ्या मुलांचे. पुढच्या बाकावरच्या हुशार मुलांना बंदी असली काय नि नसली काय, फारसा फरक पडला नाही. या गोष्टीचा आपण नीट विचार केला पाहिजे. उघड्या खिडकीतून वारा सगळ्यांनाच लागतो, पण सर्दी होते ती अशक्त मुलाला.

आपल्याकडे हा प्रश्न दिल्लीच्या उच्च न्यायालयापुढे आला. २०२५ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने मधला मार्ग सांगितला. सरसकट बंदी इष्टही नाही आणि अंमलात येण्याजोगीही नाही. मात्र फोन कुठे ठेवायचा, केव्हा वापरायचा याचे नियम शाळेने करावेत आणि शिकवण्यात व्यत्यय येऊ देऊ नये, असा त्याचा आशय. सुज्ञ घरातली आजी भांडणाऱ्या नातवंडांना जे सांगते, त्याहून हे फार निराळे नाही.

इतके झाल्यावर वाटते, की आता वाद मिटला. पण माझ्या मते खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. 'फोन आणावा की नाही' याआधी विचारले पाहिजे, 'फोन आहे कुणाचा?'

ग्रामीण भागातल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी 'असर' या नावाने प्रसिद्ध होते. तिचा २०२४ चा अहवाल सांगतो, की चौदा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींपैकी ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन चालवता येतो. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात त्यांतल्या ५७ टक्के मुलांनी तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. या आकड्यांनी कुणाला धक्का बसणार नाही. मला थांबवले ते पुढच्या आकड्यांनी. ज्यांना फोन चालवता येतो अशा मुलग्यांपैकी ३६.२ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींत हेच प्रमाण २६.९ टक्के.

तुम्ही म्हणाल, ही खेड्यातली कथा; आम्ही शहरातले. मी शहरातच शिकवते. वर्गात 'फोन काढा' म्हटले की काही हात चटकन खिशाकडे जातात आणि काही हात बाकावर तसेच राहतात. ते हात बहुधा मुलींचे असतात. मी एकदा एकीला सहज विचारले, "फोन घरी राहिला का ग?" ती म्हणाली, "मॅडम, फोन दादाचा आहे. तो कामावर नेतो. रात्री आला की मग मिळतो, त्यात चार्जिंग असलं तर." एवढे बोलून ती शेजारणीच्या फोनमध्ये डोकावू लागली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. हवामान सांगावे तसे तिने ते सांगितले.

पाटीच्या काळात ही अडचण नव्हती. पाटी न आणणाऱ्या मुलाला शेजारच्याची अर्धी पाटी मिळे. फोन अर्धा कसा द्यायचा? आणि 'प्रत्येकाने आपापले साधन आणावे' असे आपण म्हणतो, तेव्हा नकळत वर्गाची विभागणी वडिलांच्या पाकिटाप्रमाणे होते. एकाच्या फोनवर चित्र क्षणात येते, दुसऱ्याच्या फोनवर नुसते चक्र फिरत राहते, तिसरीकडे फोनच नाही. मग शिक्षक कुणाच्या गतीने शिकवणार?

तरीही मी बंदीच्या पक्षात गेलेले नाही, आणि त्याला कारण आहे. गेल्या वर्षी अकरावीच्या वर्गात जात्यावरच्या ओव्यांचा विषय निघाला. जाते बहुतेकांनी पाहिले होते ते एखाद्या हॉटेलच्या दारात, शोभेला ठेवलेले. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात इंटरनेटवर ठेवल्या जात आहेत. कित्येक गाणाऱ्या बायकांच्या आवाजात ऐकताही येतात. वर्गात मी पाच-पाच जणांचे गट केले आणि गटात एकच फोन, असा नियम घातला. बाकीचे फोन दप्तरात. ज्याचा फोन त्याने तो फक्त धरायचा. काय शोधायचे ते बाकीच्यांनी ठरवायचे. ओवी ऐकायची, अडलेला शब्द मोल्सवर्थच्या कोशात पाहायचा. १८५७ च्या आवृत्तीचा तो जाडजूड ग्रंथ आता इंटरनेटवर उघडतो. अर्थ वहीत लिहायचा. पंधरा मिनिटे झाली की फोन पालथा.

त्यानंतर मी घरचे काम दिले. घरात, चाळीत, नात्यात कुणाला ओवी येत असेल तर ती ध्वनिमुद्रित करून आणा. आणि इथे एक मौज झाली. एका मुलाकडे भारी फोन होता, पण आजी गावाला. आणि दादाच्या फोनची वाट पाहणाऱ्या त्या मुलीच्या घरी फोन नव्हता, पण आजी होती. दोघे एकाच गटातले. रविवारी गटातली पाचही पोरे तिच्या घरी गेली. सोमवारी वर्गात तो आवाज वाजला. मध्येच आजी खोकते, "हे झालं का रे सुरू?" असे विचारते, आणि मग गाते. त्यातला एक शब्द आम्हाला कुठल्याच कोशात सापडला नाही. तो आजीला विचारूनच लिहावा लागला. ती मुलगी उभी राहून अर्थ सांगत होती आणि सगळा वर्ग तिच्याकडे पाहून लिहून घेत होता.

हल्ली प्रश्न विचारताच अख्खा निबंध लिहून देणारी यंत्रेही फोनमध्ये आली आहेत. 'माझी आजी' या विषयावर ते यंत्र निर्दोष निबंध लिहील. सुरकुत्या, नऊवारी, तुळशीवृंदावन, सगळे जागच्या जागी. पण त्या मुलीची आजी मध्येच का खोकली, हे त्याला ठाऊक नसते. फोनकडून मुलांनी उत्तर घेतले तर मुले आळसावतात. फोन घेऊन मुले उत्तर शोधायला बाहेर पडली तर तीच मुले शहाणी होतात. यंत्र तेच असते, फरक शिक्षकाने दिलेल्या कामात असतो. म्हणून मला वाटते, नियम करायचाच तर 'फोन आणा' किंवा 'फोन आणू नका' असा करू नये. काम असेल तेव्हा गटाला एक. काम संपले की पालथा. आणि ज्याच्याकडे फोन नाही त्याच्यावाचून गटाचे काम अडावे, अशी कामाची वाटणी. ही तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. ती पाळता येत नसेल तर खुशाल फोन बंद ठेवावेत आणि खडू-फळ्यावर शिकवावे. आपल्या पिढ्या त्यावर शिकल्याच आहेत.

शाळेपुरते हे झाले. उरलेले पालकांच्या हाती आहे. चार दिवसांनी भाऊबीज येईल. ताटात घालायला दादा काहीतरी शोधत असेल. त्याला नवा फोन घेणे परवडत नसेल, तर हरकत नाही. घरात एकच फोन असेल, तर संध्याकाळचा एक तास बहिणीचा, असे ठरवून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून टाकावे. आणि त्या तासाला फोनचे चार्जिंग भरलेले असावे, एवढे मात्र बघावे.