सर्जनच्या शेजारी कोण उभे राहणार?



दहावी-बारावीच्या वर्गात "पुढे कोण होणार?" असा प्रश्न टाकला, की उत्तरे साधारण ठरलेली असतात. डॉक्टर, इंजिनीअर, संगणकातले काहीतरी, आणि आमच्या भागात पोलीस किंवा शिक्षक. परिचारिका होईन असे म्हणणारी एखादी मुलगी निघते; मुलगा क्वचितच. आणि ती मुलगीही बहुधा हळूच पुढे जोडते, "डॉक्टरकीला नंबर लागला नाही तर."

या शेवटच्या पाच शब्दांना माझा आक्षेप आहे. परिचर्या हा हुकलेल्या डॉक्टरकीचा उरलेला तुकडा आहे, अशी आपली समजूत झाली आहे. ती चुकीची तर आहेच, पण आमच्यासारख्या खेड्यापाड्यांना ती महागातही पडते. कशी, ते शस्त्रक्रियेच्या उदाहरणाने पाहू.

ऑपरेशन कोण करतो? "डॉक्टर," असे आपण चटकन सांगतो. पण शस्त्रक्रियागृहात डोकावून पाहिले तर तिथे एक माणूस नसतो, एक तुकडी असते. भूल देणारा तज्ज्ञ रोग्याच्या उशाशी असतो. एक परिचारिका निर्जंतुक झगा व हातमोजे घालून हत्यारांच्या टेबलाशी उभी असते आणि मागितलेले हत्यार हातात देते. दुसरी बाहेरून लागेल ते पुरवते, नोंदी ठेवते, कापसाचे बोळे व सुया मोजते. आणि सर्जनच्या समोर, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, आणखी एक व्यक्ती असते. जखमेच्या कडा रिट्रॅक्टरने मागे धरणे, रक्त टिपून दिसण्यासारखी जागा करून देणे, रक्तवाहिनी चिमट्यात पकडणे, धागा कापणे, शेवटी कातडीचे टाके घालणे ही तिची कामे. हिला प्रथम साहाय्यक म्हणतात. सर्जनला दोनच हात असतात. उरलेले दोन हात हिचे.

हे दोन हात कोणाचे असावेत? मोठ्या शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात हा प्रश्न पडत नाही. तिथे शिकाऊ डॉक्टर पुष्कळ असतात. पण आमच्याकडचा विचार करा. आसगाव हे भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातले, धानाच्या चौरास पट्ट्यातले गाव. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याला ग्रामीण रुग्णालय, त्यापुढे भंडारा आणि मग नागपूर, अशी आमच्या रोग्याची वाट. रोवणीच्या दिवसांत, भर पावसात, रात्री एखाद्या बाईचे बाळंतपण अडले, तर ही वाट किती लांब असते हे आमच्याकडच्या प्रत्येक घराला माहीत आहे. लहान गावात एखादा सर्जन मोठ्या मनाने आला, तरी तो एकट्याने पोट उघडू शकत नाही. मग हाताशी असेल त्याला हातमोजे घालून समोर उभे करावे लागते. त्याने हे काम शिकलेले असते का, हे कोणी विचारत नाही.

अमेरिकेत या प्रश्नाला एक उत्तर निघाले. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून एक नवा अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टर पोचत नाहीत तिथल्या मुलांना अनुभवी परिचारिकांनी तपासावे, साध्या आजारांचे निदान करावे, उपचार करावेत, अशी कल्पना होती. यातून 'नर्स प्रॅक्टिशनर' हे पद जन्माला आले. पुढे यांतल्या काही जणी शस्त्रक्रियेकडे वळल्या. आधी परिचर्येची पदवी, मग शस्त्रक्रियागृहातला अनुभव, मग उच्च पदवी, आणि त्यावर प्रथम साहाय्यकाचे वेगळे शिक्षण, अशा पायऱ्या चढून त्या सर्जनच्या समोर उभ्या राहतात. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याची तपासणी आणि नंतरची देखभालही त्या करतात. शस्त्रक्रिया सर्जनच करतो. पण त्याचे उरलेले दोन हात शिकलेले असतात.

"हे परिचारिकेला झेपेल का?" असे कोणी विचारील. इतिहासात याचे उत्तर आहे. अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावी मेयो बंधूंच्या रुग्णालयात ॲलिस मॅगॉ नावाची परिचारिका भूल देत असे. १९०६ साली तिने चौदा हजारांहून अधिक रोग्यांना दिलेल्या भुलेचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत भुलेमुळे एकही मृत्यू झाला नव्हता. त्या काळात भूल हा शस्त्रक्रियेतला अतिशय धोक्याचा भाग होता, हे ध्यानात घ्या.

आपल्याकडचेही उदाहरण आहे. आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या साक्षर स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. बाळाला जंतुसंसर्ग झाल्याची लक्षणे ओळखणे आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे हेही त्यात होते. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. हे काम शस्त्रक्रियेचे नव्हे, हे खरे. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध होते. नेमके शिक्षण, नेमकी मर्यादा आणि सतत देखरेख या तीन गोष्टी असतील, तर डॉक्टर नसलेली व्यक्तीही जीव वाचवणारे काम बिनचूक करू शकते.

आता माझ्या विषयाकडे येतो. मी भौतिकशास्त्र शिकवतो. शस्त्रक्रियागृहातली परिचारिका जे काम करते त्यात तुमच्या पाठ्यपुस्तकातले भौतिकशास्त्र जागोजाग भरलेले आहे. दोन उदाहरणे घेऊ.

पहिले ऑटोक्लेव्हचे, म्हणजे हत्यारे निर्जंतुक करण्याच्या यंत्राचे. घरातल्या प्रेशर कुकरचाच हा थोरला भाऊ. वातावरणाच्या दाबापेक्षा सुमारे एक वातावरण जास्त दाब ठेवला, की आतली वाफ १२१ अंश सेल्सिअसला पोचते. त्या तापमानाला साधारण १५ ते २० मिनिटांत चिवट बीजाणूसुद्धा मरतात. पण समजा, आधी आतली हवा पुरती बाहेर काढली नाही. मग काटा दाब पुरेसा दाखवील, पण त्या दाबातला काही वाटा हवेचा असेल. वाफेचा दाब कमी, म्हणून तापमानही कमी. यंत्र ठीक चालले आहे असे दिसेल आणि हत्यारे मात्र निर्जंतुक झालेली नसतील. डाल्टनचा आंशिक दाबाचा नियम परीक्षेत दोन गुणांचा असतो. इथे तो रोग्याच्या जिवाचा असतो.

दुसरे उदाहरण डायथर्मीचे. विजेच्या उष्णतेने ऊती कापण्याचे व रक्त थांबवण्याचे हे यंत्र विल्यम बोवी या शास्त्रज्ञाने बनवले आणि १९२६ साली हार्वे कुशिंग या सर्जनने ते शस्त्रक्रियेत वापरले. घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेने स्नायू आखडतात, हृदय बंद पडू शकते. पण कंप्रता एक लाख हर्ट्झच्या वर गेली, की नसा व स्नायू त्या प्रवाहाला प्रतिसाद देत नाहीत. उरते ती फक्त उष्णता. डायथर्मीत याहून अधिक कंप्रतेचा प्रवाह टोकदार लेखणीतून शरीरात शिरतो आणि रोग्याच्या मांडीला चिकटवलेल्या रुंद पट्टीतून बाहेर पडतो. मग लेखणीच्या टोकाशी ऊती जळते, पण पट्टीखालची कातडी का जळत नाही?

वहीत हिशेब करा. लेखणीच्या टोकाचे क्षेत्रफळ १ चौरस मिलिमीटर धरा आणि पट्टीचे १०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे १०,००० चौरस मिलिमीटर. प्रवाह तोच, पण टोकाशी त्याची घनता दहा हजार पट. एकक आकारमानात निर्माण होणारी उष्णता घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती दहा कोटी पट! आता समजा पट्टी अर्धी सुटली. क्षेत्रफळ निम्मे, घनता दुप्पट, उष्णता चौपट. आणखी सुटली तर भाजलेच. भुलेखालचा रोगी ओरडू शकत नाही. पट्टी नीट चिकटली आहे की नाही हे पाहणारी व्यक्ती परिचारिकाच असते.

तेव्हा हे काम "नुसते हाताखालचे" आहे, असे म्हणणाऱ्याला हे काम माहीतच नाही. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक तपासयादी तयार केली. रोगी तोच आहे ना, जागा तीच आहे ना, बोळे व सुया मोजून पुऱ्या भरल्या का, असे साधे प्रश्न. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली. मोठे दुष्परिणाम ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले आणि मृत्यू १.५ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. तुकडीतल्या प्रत्येकाने बोलावे आणि इतरांनी ऐकावे, एवढेच. ज्या शस्त्रक्रियागृहात परिचारिकेला तोंड उघडायची मुभा नाही तिथे ही यादी कागदावरच राहते.

मग आपल्या देशात काय आहे? भारतीय परिचर्या परिषदेने २०१६-१७ च्या सुमारास अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. प्रसूतिसेवेसाठीही असे शिक्षण सुरू झाले आहे. शस्त्रक्रियागृहातील परिचर्येची एक वर्षाची पदविका आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने नर्स प्रॅक्टिशनरांची वेगळी श्रेणी निर्माण करावी असे म्हटले, आणि २०२३ साली संसदेने परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा केला. शिक्षणाच्या पायऱ्या अशा हळूहळू बांधल्या जात आहेत. पण पायऱ्या चढून वर गेल्यावर बसायला जागा हवी. माझे म्हणणे असे, की ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत शस्त्रक्रियेत साहाय्य करणाऱ्या प्रशिक्षित परिचारिकेचे स्वतंत्र पद असावे. त्याला अधिकार, वेतन आणि जबाबदारी तिन्ही असाव्यात. पद नसेल, तर शिकलेली मुलगी पुन्हा जुन्याच कामावर जाईल किंवा परदेशाचे विमान पकडील. तिला दोष देता येणार नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की ही खेड्यातल्या लोकांना दुय्यम सेवा देण्याची युक्ती आहे. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सर्जन न नेमता त्याच्या जागी परिचारिकेला उभे करणार असतील, तर मीही विरोध करीन. परंतु इथे मागणी सर्जनच्या जागेची नाही, त्याच्या समोरच्या जागेची आहे. ती जागा आज रिकामी असते किंवा न शिकलेल्या हातांनी भरली जाते. दुय्यम सेवा म्हणायची तर ती हीच. दुसरा आक्षेप असा, की मर्यादा ओलांडली जाईल. आज टाके घालणारी उद्या पोट उघडील. याचा उपाय बंदी हा नव्हे. काय करायचे आणि काय नाही हे लेखी ठरवणे, परीक्षा घेणे, नोंदणी ठेवणे आणि दर काही वर्षांनी पुन्हा तपासणे, हा उपाय. वाहन चालवण्याचा परवाना आपण असाच देतो.

आणखी एक अडथळा आहे, तो आपल्या मनातला. पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनाच्या वतीने रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवले, तेव्हा परक्याच्या जखमा धुणे हे अनेक घरांना कमीपणाचे वाटे. शंभरावर वर्षे लोटली. कमीपणाची भावना गेली म्हणावे, तर बारावीच्या वर्गातले ते पाच शब्द अजून ऐकू येतातच. आणि मुलांना तर हे क्षेत्र आपले वाटतच नाही. रोग्याला उचलायला, यंत्रे हाताळायला, रात्रपाळी करायला मुलगे चालतात. मग परिचर्येच्या वर्गात का चालू नयेत?

ज्यांना यात रस वाटेल त्यांनी एवढे लक्षात ठेवावे: बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र घेऊन परिचर्येची चार वर्षांची पदवी घेता येते. त्यानंतर अनुभव आणि मग विशेष शिक्षण. वाट लांब आहे, काम कष्टाचे आहे, तासन्तास उभे राहावे लागते, आणि आपल्या चुकीची किंमत दुसरा मोजतो. हे सारे जाणून मगच निवड करावी.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. १२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात. आपल्या शाळांना तेव्हा सुट्टी असते. म्हणून जुलैत, शाळा रुळल्यावर, जवळच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना वर्गात बोलवा. हारतुरे नकोत, भाषण नको. ऑटोक्लेव्ह कसा चालतो, हवा का काढतात, बोळे का मोजतात, एवढे त्यांना मुलांसमोर सांगू द्या. मुलांना मनसोक्त प्रश्न विचारू द्या. आणि डायथर्मीचा तो हिशेब आदल्या दिवशी फळ्यावर करून घ्यायला विसरू नका.