पाळण्यातला घरमालक

पाळण्यातल्या मुलाला भाड्याची पावती फाडता येत नाही; परंतु त्याच्या नावे न्यास करता येतो, न्यासाच्या घरात भाडेकरू ठेवता येतो आणि बापाच्या प्राप्तिकराला कात्री लावता येते. मालमत्ताधारी वर्गात या व्यवहाराला ‘मुलाच्या भवितव्याची तरतूद’ असे सोज्ज्वळ नाव आहे.

कायदा वरकरणी कडक आहे. बापाने अज्ञान मुलाला घर बक्षीस दिले, तरी करापुरता मालक बापच मानला जातो. १९९२ च्या वित्त अधिनियमाने १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ६४(१अ) घातले आणि अज्ञान मुलाचे उत्पन्न आईबापांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक, त्याच्या उत्पन्नात मिळवण्याची तरतूद केली. मुलाची स्वकष्टाची वा कलागुणांची कमाई आणि अपंग मुलाचे उत्पन्न एवढेच त्यातून वगळले. हे अपवाद न्याय्यच आहेत.

पण दार लावले आणि खिडकी उघडी राहिली. घर मुलाला न देता न्यासाला द्यायचे आणि न्यासपत्रात लिहायचे की, भाडे साठत राहील व मूल सज्ञान झाल्यावरच त्याच्या हाती पडेल. अशा साठवलेल्या उत्पन्नावर अज्ञानपणी मुलाचा हक्कच नसल्याने ते बापाच्या उत्पन्नात मिळवता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकात दिला. न्यायालयाने कायद्याचा शब्द वाचला. दोष तो शब्द तसाच ठेवणाऱ्या संसदेचा आहे. लाभार्थी संदिग्ध ठेवला तर न्यासाला सर्वोच्च दराने कर पडतो. म्हणून चतुर सल्लागार लाभार्थी निश्चित ठेवतात. मग कर लाभार्थ्याच्या दराने लागतो.

हिशेब मांडून पाहावा. वर्षाला १२ लाख रुपये भाडे आले, तर ३० टक्के वजावटीनंतर ८ लाख ४० हजार उरतात. ३० टक्के दराच्या बापाला त्यावर २ लाख ५२ हजार कर पडेल. तेच उत्पन्न न्यासाचे ठरले, तर नव्या करपद्धतीच्या २०२५-२६ च्या दरांनी, उपकर वगळता, कर होतो फार तर २४ हजार. मुले दोन असतील तर न्यासही दोन!

याउलट एखाद्या कारकुनाने मुलीच्या नावे बँकेत ठेव ठेवली, तर तिचे व्याज बापाच्या पगारात मिळवले जाते. जुन्या पद्धतीत सूट होती ती मुलामागे वर्षाला १,५०० रुपयांची. नव्या पद्धतीत तीही नाही. त्याच्या पगारातून कर आधीच कापला जातो. वकील लावून न्यासपत्र करण्याची त्याची ऐपत नाही. कायदा एकच, पण पोराच्या गुल्लकावर त्याची नजर आणि इमारतीकडे काणाडोळा!

न्यास मोडीत काढा, असे कोणी समाजवादी म्हणणार नाही. पोरक्या वा अपंग मुलाचे घर नातलगांच्या हावेपासून वाचवण्यास न्यास हे उत्तम साधन आहे. प्रश्न संरक्षणाचा नसून करचुकवेगिरीला वात्सल्याचा मुलामा देण्याचा आहे. १९५३ साली आलेला मृत्युकर १९८५ साली, १९५८ चा देणगीकर १९९८ साली आणि १९५७ चा संपत्तीकर २०१५ साली रद्द झाला. वारशावरचा एकेक पहारा असा उठला. २०२५ साली संसदेने नवा प्राप्तिकर कायदा संमत केला. कलमांचे क्रमांक बदलले, ही पळवाट बुजली नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. आईबापांनी वा आजीआजोबांनी केलेल्या न्यासाचे उत्पन्न, ते साठवले तरी, मूल सज्ञान होईपर्यंत आईबापांच्या दराने करपात्र ठरवावे. पोरक्या आणि अपंग मुलांना पूर्ण संरक्षण द्यावे. अल्पबचतीवरची सूट वाढवावी. आणि मोठ्या वारशावरचा कर पुन्हा आणावा. भाडेकरूचे मूलही त्याच इमारतीत जन्मते. त्याच्या भवितव्याची तरतूद करणारा न्यास एकच आहे : सरकारी तिजोरी. तीत पडायचा पैसा दुसऱ्या पाळण्याखाली दडवला जात असताना स्वस्थ बसणे, हा त्या मुलाशी द्रोह ठरेल.