फसलेल्या प्रयोगालाही गुण हवेत

दहावीच्या विज्ञानाच्या प्रयोगवहीत चुकलेले निरीक्षण क्वचितच आढळते. उत्तर आधीच ठाऊक असते, निरीक्षणे त्याला जुळवून घेतली जातात आणि वही स्वच्छ दिसली की गुणही पदरात पडतात. प्रयोगशाळेतच खोट्या नोंदीची सवय लावावयाची आणि पुढे त्याच विद्यार्थ्याकडून नवनिर्मितीची अपेक्षा बाळगावयाची, हा विरोधाभास शिक्षणक्षेत्राने फार काळ निमूटपणे सोसला आहे.

वाशीमसारख्या जिल्ह्यात त्याची किंमत अधिक मोजावी लागते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत गणला गेला. येथील शेती बव्हंशी पावसावर आणि खरिपाची भिस्त सोयाबीनवर. सोडविण्याजोग्या प्रश्नांचा येथे तुटवडा नाही. ते प्रश्न शाळेचा उंबरठा ओलांडून आत येत नाहीत, ही खरी उणीव आहे.

एक उदाहरण पुरेसे आहे. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनमधील ओलाव्याची मर्यादा १२ टक्के धरली जाते. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारला ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली, यावरून या आकड्यावर शेतकऱ्याचे किती अवलंबून असते हे ध्यानात यावे. वास्तविक ओलावा मोजणे नववीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे. १०० ग्रॅम दाणे भरडून, वजन स्थिर होईपर्यंत वाळवले आणि ८८ ग्रॅम उरले, तर ओलावा १२ टक्के. आच अधिक झाली तर दाणे करपून वजन नको तितके घटेल. वाळवणे अपुरे राहिले तर उत्तर उलट बाजूने चुकेल. मग आच किती, वेळ किती, नमुना पोत्याच्या तोंडाशी घ्यावा की तळाशी, असे प्रश्न विद्यार्थ्याला आपोआप पडू लागतील. विज्ञानाचा आरंभ नेमका येथेच होतो. मात्र पहिल्याच चुकीला गुण कापले गेले, तर दुसऱ्या दिवशी तो शेजाऱ्याच्या वहीतून उत्तर उतरवून घेईल.

हे निव्वळ स्वप्नरंजन नव्हे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ या कोरडवाहू गावी विज्ञान आश्रम उभारला. शेती, ऊर्जा, यंत्रकाम व आरोग्य यांतील प्रत्यक्ष कामे करता करता विद्यार्थ्याने शास्त्र शिकावे, हे त्याचे सूत्र. अमेरिकेतील एमआयटीच्या बाहेरची पहिली ‘फॅब लॅब’ २००२ मध्ये याच खेड्यात सुरू झाली.

साधनांची तरतूद शासनानेही केली आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनमध्ये निवडलेल्या शाळांना प्रयोगशाळेसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची सोय करण्यात आली. इन्स्पायर-मानक योजनेत निवडलेल्या विद्यार्थ्याच्या कल्पनेला १० हजार रुपये देण्याची योजना आहे. परंतु चुकण्याची मुभा नसेल, तर त्रिमितीय मुद्रणयंत्रसुद्धा कपाटाची शोभा ठरेल.

अभ्यासक्रम पुरा करण्याचा आणि अध्यापनेतर कामांचा भार वाहणाऱ्या शिक्षकाने हे केव्हा करावे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मागणी माफक असावी. प्रत्येक शाळेने वर्षाला गावातील एकच प्रश्न घ्यावा, त्यासाठी आठवड्यातील एक तास राखून ठेवावा आणि फसलेला प्रयत्न व त्यानंतरची दुरुस्ती यांच्या प्रामाणिक नोंदीला अंतर्गत मूल्यमापनात गुण द्यावेत. विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलच्या ज्वालामुखीशेजारी गावातील विहिरींच्या पाणीपातळीच्या वर्षभराच्या नोंदी मांडल्या गेल्या, तर परीक्षकांनी कोणापाशी अधिक वेळ थांबावे, हे वेगळे सांगावयास नको.

धाडसाचा धडा पाठ्यपुस्तकात घालून विद्यार्थी धाडसी होत नाही. चुकलेली नोंद न खोडता गुरुजींपुढे ठेवण्याची हिंमत त्याला शाळेत मिळाली पाहिजे.