आधी सातबारा, मग विसार

कामगार निवृत्त झाला की फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हातात पडतात. एवढी रक्कम आयुष्यात एकदाच येते. तिचा वास लागताच एजंट घरी चहाला येऊ लागतो. "काका, शहराला लागून गुंठाभर जागा आहे. आज विसार द्या, उद्या नोटरी करून देतो." चाळीत जन्म काढलेल्या माणसाला स्वतःच्या जागेची ओढ असणारच. ओढ असण्यात चूक नाही. चूक आहे ती कागद न वाचता पैसे देण्यात.

बंधू-भगिनींनो, नोटरी म्हणजे खरेदीखत नव्हे. सही कोणी केली एवढेच नोटरी सांगतो. जमीन कोणाची, हे तो सांगत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या जागेचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते, असे १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर जागेची मालकी मिळत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे.

म्हणून आधी ताजा सातबारा काढा. महाभूलेखवर तो फुकट पाहता येतो. त्यावर किती नावे आहेत ते मोजा. बहिणींची नावे असतील तर त्यांच्याही सह्या हव्यात. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा, कुळाचे नाव किंवा कोर्टाचा दावा आहे का, ते बघा. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या. त्याची फी बुडालेल्या रकमेपुढे काहीच नाही.

सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले दिसले तर तिथेच थांबा. हे शब्द आपल्या समाजाने तर डोळ्यांत तेल घालून वाचावेत. १९५८ च्या कायद्याने महार वतने संपली आणि वतनाच्या जमिनी आपल्या वाडवडिलांना नव्या शर्तीवर परत मिळाल्या. अशी जमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामासाठी विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि नजराणा लागतो. शर्तभंग झाला तर जमीन सरकारजमा होऊ शकते. परवानगीवाचून पाडलेला प्लॉट घेणारा कामगार तर फसतोच. पण चार पैशांसाठी कोऱ्या कागदावर अंगठा देणारे गावाकडचे आपले भाऊबंदही फसतात.

फ्लॅट घेणार असाल तर बिल्डरकडे महारेराचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो स्वतः तपासून बघा. करार नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याचा बिल्डरला अधिकार नाही. पैसे चेकने द्या आणि प्रत्येक पावती जपून ठेवा.

"आजच विसार द्या, उद्या भाव वाढेल," असे कोणी म्हटले की समजा, कागदात काहीतरी खोट आहे. त्याला चहा पाजा, पण पैसे देऊ नका. घरातल्या बाईला आणि शिकलेल्या मुलीला सोबत बसवा, सातबारा मोठ्याने वाचा आणि मगच ठरवा.